समाकल समीकरणांच्या प्रणालीत सिरीज फुगत जाते, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. दोन अज्ञात फलनं, दोन समाकल समीकरणं. अडोमियनच्या विघटन पद्धतीने उत्तराच्या सिरीजची पाच-सहा पदं काढली, तर ती लहान होण्याऐवजी मोठी होत चालली. मग होमोटोपी पर्टर्बेशन लावून पाहिलं, पदं तीच आली. मग साधी पिकार पुनरावृत्ती केली, तर आंशिक बेरजाही त्याच. आता संशय सॉफ्टवेअरवर जातो आणि दोन दिवस कोड तपासण्यात जातात.

कोड बहुधा बरोबरच असतो. प्रणाली रेषीय आणि दुसऱ्या प्रकारची असेल, म्हणजे अज्ञात फलन समाकलाच्या आतही आहे आणि बाहेरही, तर या तिन्ही पद्धती नेहमीच्या मांडणीत एकच काम करतात: ज्ञात भाग पहिलं पद म्हणून घ्या, त्याच्यावर समाकल चालवा, जे येईल त्याच्यावर पुन्हा चालवा, आणि सगळं मिळवत जा. ही १९व्या शतकातली नॉयमन सिरीज. अडोमियनची पद्धत १९८०च्या दशकात रुळली, होमोटोपी पर्टर्बेशन १९९९ मध्ये आली. अरेषीय प्रश्नांत या पद्धतींचं वेगळेपण दिसतं, पण रेषीय प्रश्नात फक्त नाव बदलतं. म्हणून सिरीज फुगत असेल तर आधी पद्धत बदलू नका, समाकलाची ताकद मोजा.

व्होल्टेरा की फ्रेडहोम?

समाकलाची वरची मर्यादा चल असेल (व्होल्टेरा) आणि कर्नल, म्हणजे समाकलाच्या आत अज्ञात फलनाला गुणणारं ज्ञात फलन, मर्यादित असेल, तर रेषीय प्रणालीत अभिसरणाची, म्हणजे बेरीज एका ठरावीक उत्तराकडे स्थिरावण्याची, काळजी नसते. कर्नलची कमाल किंमत गुणिले अंतराची लांबी हा आकडा समजा १० आहे, तर न-व्या पदावर १० चा न-वा घात भागिले न-फॅक्टोरियल अशी मर्यादा पडते. फॅक्टोरियल शेवटी जिंकतोच. पण शेवटी. दहाव्या पदापर्यंत ही मर्यादा वाढत जाऊन २७५६ च्या आसपास पोचते आणि मगच खाली येते. सहाव्या पदाला "अपसारी आहे", म्हणजे बेरीज कधी स्थिरावणारच नाही, म्हणून सोडून देणारे इथेच फसतात.

याच्या उलट्या बाजूला दुसरा खड्डा आहे. पदांची चिन्हं आलटून-पालटून येत असतील आणि खरं उत्तर ०.००००४५ इतकं बारीक असेल, तर २७०० च्या घरातली पदं एकमेकांतून वजा होताना सुमारे आठ सार्थ अंक गळून जातात. सिंगल प्रिसिजनमध्ये मग हाती कचरा येतो. अशा वेळी पदं वाढवून उपयोग नाही. गुणांक अपूर्णांकात ठेवा, नाहीतर अंतर तोडून टप्प्याटप्प्याने जा.

दोन्ही मर्यादा स्थिर असतील (फ्रेडहोम), तर फॅक्टोरियलचा आधार नाही. तिथे सगळं आयगेनव्हॅल्यूवर (समाकल एकदा चालवल्यावर आकार न बदलता फलन जितक्या पट होतं, त्या आकड्यावर) अवलंबून, आणि बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

कर्ण पाहून फसणं

पुढे ∫ म्हणजे ट वर ० ते १ समाकलन असं धरू. ही प्रणाली घ्या:

य(क्ष) = −क्ष + ∫ क्ष·ट·[य(ट) + ५र(ट)]
र(क्ष) = −क्ष + ∫ क्ष·ट·[५य(ट) + र(ट)]

पहिल्या समीकरणातला य चा स्वतःवरचा परिणाम पाहिला तर ट² चं समाकलन १/३, म्हणजे गुणक १/३. दुसऱ्यातही र चा स्वतःवरचा गुणक १/३. दोन्ही एकपेक्षा बरेच कमी, म्हणून अभिसरण होणार, असं वाटतं. आणि पदं निघतात −क्ष, −२क्ष, −४क्ष, −८क्ष. य आणि र, दोघांचीही.

कारण कपलिंगमध्ये आहे. प्रत्येक फेरीत गुणांकांना गुणणारी मॅट्रिक्स म्हणजे [१ ५, ५ १] भागिले ३. तिच्या आयगेनव्हॅल्यू २ आणि −४/३. दोन्ही निरपेक्ष किमतीत एकपेक्षा मोठ्या. प्रणालीत एकेका समीकरणाची तपासणी करून काही कळत नाही. पूर्ण मॅट्रिक्सचीच करावी लागते. आयगेनव्हॅल्यू काढायचा कंटाळा असेल तर ओळींची निरपेक्ष बेरीज पाहा: सगळ्यात मोठी बेरीज एकपेक्षा कमी असेल तर निर्धास्त राहा. ती एकपेक्षा जास्त आली म्हणून मात्र सिरीज फुगेलच असं नाही, फक्त खात्री देता येत नाही.

कर्नल इतका सुटसुटीत नसेल तर लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर पाहा. वर ते सतत २ आहे, म्हणजे आयगेनव्हॅल्यूच उघड दिसते. गुणोत्तर स्थिर न राहता हेलकावे खात असेल तर जवळपास सारख्या आकाराच्या दोन आयगेनव्हॅल्यू, किंवा एखादी संमिश्र जोडी, आत आहे असं समजा.

आता उपाय. कर्नल क्ष आणि ट च्या गुणाकारात सुटा होत असेल, जसा इथे होतो, तर माझ्या मते सिरीजच्या वाटेला जाऊच नये. ट·य चं समाकलन अ आणि ट·र चं ब माना. मग दोन साधी समीकरणं उरतात: २अ − ५ब = −१ आणि −५अ + २ब = −१. अ = ब = १/३, म्हणून य = र = क्ष. झालं. असे सुटे कर्नल असलेले नमुना प्रश्न अंदाजे पद्धतींच्या प्रात्यक्षिकासाठी सर्रास वापरले जातात. ते प्रात्यक्षिक म्हणून ठीक, पण त्यांवरून पद्धतीची ताकद जोखू नये.

कर्नल सुटा होत नसेल तर काढलेली पदं फेकून देऊ नका, त्यांत माहिती असते. −१, −२, −४, −८ ही भूमितीय श्रेढी आहे. पहिलं पद भागिले (१ − गुणोत्तर) हे सूत्र इथे डोळे मिटून लावलं तर −१/(१ − २) = १, आणि बरोबर उत्तर तेच आहे. हा योगायोग नाही. पाडे अप्रॉक्सिमंट हेच काम पद्धतशीरपणे करतात: सिरीजच्या जागी दोन बहुपदींचा भागाकार ठेवतात, आणि तो अपसारी भागाच्या पलीकडेही जातो. वरच्या प्रश्नात ज्ञात भाग दोन्हीकडे सारखा असल्याने फक्त २ ही आयगेनव्हॅल्यू जागी झाली. तो वेगवेगळा असता तर −४/३ ही आली असती, आणि छेदात दोन घातांचा पाडे लागला असता.

नियंत्रक पॅरामीटर लावला, तरी जुळत नाही

होमोटोपी ॲनालिसिस पद्धत १९९२ मधली, लिआओ यांची. तिच्यात अभिसरण हाताळायला एक मोकळा पॅरामीटर असतो; त्याला ह म्हणू. रेषीय प्रणालीत आयगेनव्हॅल्यू क असेल तर दुसऱ्या पदापासून पुढे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या १ + ह(१ − क) पट होतं. ह = −१ ठेवला की पुन्हा नॉयमनच. आमच्या प्रश्नात क = २, ह = १ घेतला तर गुणक शून्य, आणि एका फेरीत अचूक उत्तर मिळतं: −क्ष अधिक २क्ष.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. क = २ साठी ह शून्य ते दोनच्या मध्ये हवा. क = −४/३ साठी तो −६/७ ते शून्यच्या मध्ये हवा. या दोन पट्ट्यांत एकही सामाईक आकडा नाही. म्हणजे वास्तव आयगेनव्हॅल्यू एकच्या दोन्ही बाजूंना असतील तर एकच ह घेऊन ह-आलेख, म्हणजे ह बदलल्यावर सिरीजचं उत्तर कसं बदलतं त्याचा आलेख, कितीही काढा, उत्तर ह वर अवलंबून नसलेला सपाट पट्टा सापडणार नाही. तुमचा ह-आलेख कुठेच सपाट होत नसेल तर हे कारण सगळ्यात आधी तपासा.

सुटका दोन प्रकारे होते. एक, चलच बदला. य + र आणि य − र ही नवी अज्ञातं घेतली की प्रणाली तुटून दोन स्वतंत्र समीकरणं होतात, एकाची आयगेनव्हॅल्यू २, दुसऱ्याची −४/३, आणि प्रत्येकाला स्वतःचा ह देता येतो. दोन, चल तसेच ठेवून प्रत्येक समीकरणाला वेगळा ह द्या, पण चिन्हं विरुद्ध ठेवून. पहिल्याला −१ आणि दुसऱ्याला +१/२० दिला तर प्रत्येक फेरीत त्रुटी सरासरी ०.७ पट होते. चांगलंच अभिसरण आहे, आणि दोन्हींना ऋण ह देण्याच्या सवयीने ते कधी सापडलं नसतं.

अरेषीय प्रणाली: उत्तर गुळगुळीत, सिरीज मात्र तुटते

अरेषीय व्होल्टेरात फॅक्टोरियलची हमी संपते. हे उदाहरण मला आवडतं, कारण यात दोन-तीन दोष एकदम दिसतात. आता समाकलन ० ते क्ष:

य = ∫ र²
र = १ − ∫ य·र

अचूक उत्तर: य म्हणजे हायपरबोलिक टॅन, र म्हणजे हायपरबोलिक सेक. दोन्ही फलनं सगळीकडे गुळगुळीत आणि मर्यादित. अडोमियनने य₀ = ०, र₀ = १ पासून निघालो की य₁ = क्ष, र₁ = ०. मग य₂ = ०, र₂ = −क्ष²/२. मग य₃ = −क्ष³/३, र₃ = ०.

इथेच थांबून पाहा. य₂ शून्य आलं. "पद सहनसीमेपेक्षा लहान झालं की थांब" अशी अट फक्त य वर लावली असेल तर प्रोग्राम इथेच थांबतो आणि य = क्ष हे उत्तर म्हणून देतो. शून्य पद म्हणजे सिरीज संपली असं नव्हे. थांबण्याची अट सगळ्या घटकांवर एकत्र लावा, आणि लागोपाठ दोन फेऱ्यांत ती पुरी झाली तरच माना.

पुढे य₅ साठी र² चं अडोमियन बहुपद (अरेषीय पदाचा त्या फेरीत येणारा वाटा) लागतं: २र₀र₄ + २र₁र₃ + र₂². हाताने काढताना शेवटचा र₂² बऱ्याचदा सुटतो. र₄ = ५क्ष⁴/२४. र₂² धरला तर य₅ = २क्ष⁵/१५, सोडला तर क्ष⁵/१२. पडताळा सोपा आहे: चौथ्या बहुपदात प्रत्येक गुणाकाराच्या पादांकांची बेरीज चारच हवी, आणि बेरीज चार करणारी एकही जोडी सुटता कामा नये. य·र सारख्या मिश्र पदात क्रम महत्त्वाचा: य₀र₃, य₁र₂, य₂र₁, य₃र₀ हे चारही वेगळे मोजायचे, दुप्पट करून जोड्या लावायच्या नाहीत.

पदं बरोबर काढली तरी क्ष = २ वर काय होतं पाहा. क्ष − क्ष³/३ + २क्ष⁵/१५ ची किंमत येते ३.६. खरी किंमत ०.९६४. आणि पदं वाढवली तर हाल आणखी वाईट, कारण संमिश्र प्रतलात या फलनाला पाय भागिले दोन, म्हणजे सुमारे १.५७ अंतरावर पोल आहेत, म्हणजे फलनाची किंमत अनंत होते असे बिंदू. वास्तव रेषेवर काहीच दिसत नाही, पण सिरीजला त्यांची झळ लागते. त्याच तीन पदांतून पाडे काढला तर क्ष(१५ + क्ष²)/(१५ + ६क्ष²) मिळतो, आणि क्ष = २ वर त्याची किंमत ०.९७४. माहिती तीच, काम जास्तीचं नाही. अरेषीय व्होल्टेरात सिरीज ठरावीक अंतरानंतर बिघडत असेल तर मी आधी पाडेच करून पाहतो.

अंतर लांब असेल तर टप्पे पाडणं जास्त भरवशाचं. मात्र कर्नलमध्ये क्ष असेल तर मागचा इतिहास विसरायचा नाही: ० ते टप्प्याच्या सुरुवातीपर्यंतचं समाकलन नव्या टप्प्याच्या ज्ञात भागात जायला हवं. अवकल समीकरणांसारखी फक्त शेवटची किंमत पुढे नेली की उत्तराचा उतार पहिल्या सांध्यावर एकदम बदलतो. आलेखात सांध्यावर खोच दिसली की समजायचं.

अज्ञात फलन बाहेर नाहीच

पहिल्या प्रकारच्या प्रणालीत य आणि र फक्त समाकलाच्या आत असतात. सुरुवातीचं पदच मिळत नाही. व्होल्टेरा असेल तर अवकलन करून दुसऱ्या प्रकारात आणतात. ते चालायला ट = क्ष ठेवल्यावर कर्नलची मॅट्रिक्स व्यस्त असलेली हवी, आणि क्ष = ० वर उजवी बाजू शून्य हवी. पहिली अट प्रणालीत सहज मोडते. उदाहरणार्थ एकात ∫(य + र) आणि दुसऱ्यात ∫[य + (१ + क्ष − ट)र] असेल तर कर्णावरची मॅट्रिक्स सगळी एकांची, निर्धारक शून्य. एकदा अवकलन करून गाडी पुढे सरकत नाही. आधी वजाबाकी करा: उरतं ∫(क्ष − ट)र. मग दोनदा अवकलन, आणि र थेट हातात. य नंतर पहिल्या समीकरणातून. सिरीज लागलीच नाही.

आबेलचा कर्नल, म्हणजे १ भागिले √(क्ष − ट), असेल तर सरळ अवकलन करू नका. तिथे लाप्लास रूपांतर किंवा आबेलचं व्यस्त सूत्र वापरा. आणि दुसऱ्या प्रकारातही असा कर्नल असेल तर पदं √क्ष च्या घातांत येतात: य = १ − ∫ य/√(क्ष − ट) मध्ये पहिलं पद १, दुसरं −२√क्ष, तिसरं पाय·क्ष. पूर्णांक घातांची टेलर बहुपदी घेऊन बसलात तर शून्याजवळ त्रुटी हटत नाही.

पहिल्या प्रकारचं फ्रेडहोम हे वेगळंच दुखणं. डेटातला बारीक गोंगाट तिथे उत्तरात प्रचंड होतो. त्यावर तिखोनोवसारखं रेग्युलरायझेशन, म्हणजे उत्तर फार उसळू न देणारी जादा अट, लागतं. नुसत्या सिरीजने ते सुटत नाही.

पदं कापली जातात, पुन्हा नवीन येतात

हा तुलनेने किरकोळ प्रकार. ज्ञात भाग क्ष − क्ष⁴/१२, पुढच्या पदात +क्ष⁴/१२ आणि सोबत −क्ष⁵/१२०. एक कापलं की दुसरं हजर. यांना नॉइज टर्म्स म्हणतात. पहिल्या पदात फक्त क्ष घ्या, उरलेला तुकडा पुढच्या पदात ढकला. विभाजन जमलं तर सिरीज दोन पदांत संपते. प्रणालीत मात्र हे सगळ्या समीकरणांत एकाच वेळी करावं लागतं. एकातच केलं तर दुसऱ्या समीकरणातला तुकडा कपलिंगमधून परत आत येतो.

सगळं जुळलं, तरीही

उत्तर मूळ समीकरणांत ठेवून उरलेली तफावत, म्हणजे रेसिड्युअल, पाहणं आवश्यकच आहे. पण आयगेनव्हॅल्यू ०.९९ असेल तर ०.००१ रेसिड्युअलमागे ०.१ ची त्रुटी लपू शकते.

आणि आयगेनव्हॅल्यू नेमकी १ असली तर? वरच्या पहिल्या प्रणालीत ५ च्या जागी २ ठेवा. मॅट्रिक्स [१ २, २ १] भागिले ३, आयगेनव्हॅल्यू १ आणि −१/३. ज्ञात भाग दोन्हीकडे −क्ष असेल तर प्रत्येक पद −क्ष, बेरीज रेषेत वाढत जाते, आणि उत्तर अस्तित्वातच नसतं. हे निदान लक्षात तरी येतं. पण ज्ञात भाग एकीकडे क्ष आणि दुसरीकडे −क्ष ठेवला तर फक्त −१/३ जागी होते, सिरीज झपाट्याने जुळते, य = ३क्ष/४ आणि र = −३क्ष/४ मिळतं, रेसिड्युअल शून्य. तरी दोघांत कोणताही एकच स्थिरांक गुणिले क्ष मिळवला तरी ते उत्तरच राहतं. अशी अनंत उत्तरं आहेत आणि सिरीज त्यातलं एक निमूटपणे हातात ठेवते. हे पकडायचा मार्ग एकच: एकक मॅट्रिक्समधून ही मॅट्रिक्स वजा करून निर्धारक काढा. मूळ प्रश्नात तो −७/३ येतो, इथे शून्य.